तान्ह्या पोळ्याला पोरगी मोठ्या बाबांना सगळ्यांसमोर 'नको' म्हणाली, आता घरात तोंडं फुगलीत

हुडकेश्वरची_आई
नमस्कार मंडळी. लिहू का नको करत करत शेवटी लिहून राहिली, कारण घरात जो तो आपलंच खरं म्हणतोय आणि मला बाहेरच्या चार लोकांचं ऐकायचंय.

मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. इथं तिला मनू म्हणते. आम्ही नागपुरात हुडकेश्वरला राहतो, सासरचं मोठं घर महाल भागात. मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, पाहायला दरवर्षी सकाळपासून तिकडेच असतो, तसे यंदाही गेलो. पिवळी मारबत झाली, काळी झाली, सोबतचे बडग्यांचे पुतळे पाहून पोरं खूश, आणि संध्याकाळी तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी बैलांचा पोळा. मनूनं तिचा लाकडी नंदी दोन दिवस लावून सजवला होता, गल्लीत घरोघरी फिरून बोजारा (पोरांना मिळणारे पैसे, खाऊ) गोळा केला आणि सगळ्यात शेवटी आमच्याच घरी आली. तिथं नवऱ्याचे मोठे बाबा, म्हणजे मोठे काका, बसले होते. सत्तरी पार, घरातले लहानमोठे सगळे त्यांना मोठे बाबाच म्हणतात. त्यांची जुनी सवय, पोराला दोन गुडघ्यात पकडायचं, पोटात गुदगुल्या करायच्या, दाढी गालावर घासायची आणि "पप्पी दे मग पैसे". माझा नवरा यातूनच मोठा झाला, सगळेच झाले. मनात वाईट काही नाही, हे मी स्टॅम्प पेपरवर लिहून देईन.

मनू आधी हळूच म्हणाली, मोठे बाबा मला गुदगुल्या नका करू, मला नाही आवडत. ते हसले आणि केल्याच. तशी ती हात सोडवून उठली आणि एकदम मोठ्यानं, "मी नाही म्हटलं न! थांबा म्हटलं की थांबायचं असते!" नंदी खाली पडला, त्याचं चाक निघालं, हॉलमध्ये पंधरावीस माणसं, कोणी काही बोलेना. पैसे पण घेतले नाही तिनं. सासूबाई म्हणाल्या, हेच शिकवून राहिले काय शाळेत? मोठे बाबा रात्री जेवले नाही. आणि गाडीत नवरा म्हणतो, तिला सॉरी म्हणायला लाव.

शाळेत खरंच शिकवलंय. समुपदेशक मॅडम आल्या होत्या, चित्रं दाखवून सुरक्षित स्पर्श, असुरक्षित स्पर्श, "माझं शरीर माझं" वगैरे. तेव्हापासून ही बाथरूमचं दार लावते, ते ठीकच आहे, पण केसाला तेल लावायलाही "माझं शरीर माझं" चालू झालंय.

आता पुढच्या आठवड्यात महालक्ष्म्या (गौरी), त्याच घरी, सगळं गोत जमणार. माफी मागायला लावू का? आणि नाही लावली तर त्या घरात पाय कसा ठेवायचा?

तर्रीपोहे
पोरीला शाब्बासकी सांगा. माफीबिफी काही नाही. नंदीचं चाक बसवून घ्या आणि बोजारा किती जमला ते सांगा, आमच्याकडे आजकाल चॉकलेटवर भागवतात कंजूस लोकं.

आबाजी_प्रतापनगर
मी त्या मोठ्या बाबांच्याच वयाचा, म्हणून त्यांची बाजू कोणीतरी मांडली पाहिजे. जन्मभर ज्यानं पोरं खांद्यावर खेळवली त्याला भर सणात पंधरावीस माणसांसमोर असं ऐकावं लागलं. जेवला नाही म्हणजे किती लागलं असेल बघा. शाळावाले तासाभराचा कार्यक्रम करून निघून जातात आणि इकडे पोरं घरच्याच माणसांकडे संशयानं पाहायला लागतात. नको म्हणायला माझी हरकत नाही. पण चारचौघांत ओरडून? हळूच आईला सांगता आलं असतं न.

हुडकेश्वरची_आई
आबाजी, हळूच बोलली होती न ती पहिल्यांदा. हसण्यावारी गेलं. ओरडली ती दुसऱ्यांदा.

निनावी_मानेवाडा
"हळूच आईला सांगता आलं असतं" यावर एवढंच लिहिते. मी हळूच सांगितलं होतं. दहाची असेल मी, आणि घरून उत्तर मिळालं की ते सगळ्यांचेच लाड करतात, तू जास्त विचार करू नको. नंतर मी कोणाला काही सांगितलं नाही, कितीतरी वर्षं. तो माणूस दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा आणि पोळ्या मीच वाढायची. मोठे बाबा तसे नाहीत, मान्य, शंभर टक्के मान्य. पण कोण कसं आहे हा फरक पोरीला कळायच्या खूप आधी तिला एवढं कळते की आपलं म्हणणं या घरात ऐकल्या जाते की नाही.

तर्रीपोहे
ताई, वर बोजाऱ्याची चेष्टा केली त्याचं वाईट वाटलं आता. लिहिलंत ते बरं केलंत.

शाळाबाई
मी प्राथमिकला शिकवते, असे वर्ग आम्हालाही घ्यावे लागतात, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी गुदगुल्यांचं. पोरगं हसतंय म्हणजे त्याला मजा येतेय असं आपण धरून चालतो, पण गुदगुल्यांचं हसू आपोआप येते, ते थांबवणं माणसाच्या हातात नसते. त्यामुळे तोंडानं हसतेय आणि मनातून सुटायला बघतेय हे एकाच वेळी होऊ शकते, आणि समोरच्याला वाटते लाड चाललेत. म्हणून हसू न पाहता शब्द ऐकायचा. "बस" म्हटलं की हात मागे. ज्या घरात हे पाळतात तिथली पोरं परत स्वतःहूनच येतात, "अजून करा न" म्हणून, हे मी माझ्या भाच्यांवरून सांगते.

दुसरं, चांगला स्पर्श वाईट स्पर्श असं नुसतं शिकवलं की घोळ होतो. जो माणूस खरंच वाईट हेतूनं येतो तो सुरुवातीला गोडच वागतो, खाऊ देतो, मोबाइल देतो, तो स्पर्श पोराला वाईट वाटेलच असं नाही. इंजेक्शन मात्र दुखते आणि ते चांगलं असते! म्हणून मी वर्गात लपवण्यावर जास्त बोलते. कोणी म्हणालं "हे आपल्या दोघांतच, आईला सांगू नको", की तिथंच घंटा वाजली पाहिजे. आईच्या वाढदिवसाचं गिफ्ट लपवणं वेगळं, ते चार दिवसांनी सगळ्यांना कळणारच असते. जे कधीच कोणाला सांगायचं नाही असं मोठं माणूस लहानाला सांगते, ते सांगायचंच. आणि शरीराच्या सगळ्या अवयवांची खरी नावं घरात सांगून ठेवा. "शू ची जागा" वगैरेनं पोरगी नीट सांगू शकत नाही आणि ऐकणाऱ्यालाही कळत नाही.

तिसरं, आपण अनोळखी माणसाची भीती घालतो, पण बहुतेक वेळा माणूस ओळखीचाच निघतो. मग जिला ओळखीच्या माणसाला साध्या गुदगुल्यांसाठी नको म्हणता येत नाही, ती बाकीच्यासाठी कुठून म्हणणार? तुमच्या मनूनं घरच्या माणसावर, सगळे सोबत असताना म्हणून पाहिलं. यापेक्षा सुरक्षित जागा सरावाला नाही मिळणार. आता तिलाच माफी मागायला लावली तर सगळा धडा उलटा होतो.

तेलाचं असं आहे की दात घासणं, औषध, आंघोळ, गाडीचा बेल्ट, रस्ता ओलांडताना हात धरणं यात सूट नाही, हे स्पष्ट सांगा. पण कसं करायचं ते तिला निवडू द्या. आधी की नंतर, आईनं की आजीनं, वेणी एक की दोन. आणि ती जर धाकट्याला चिमटे काढत असेल तर "त्याचं शरीर त्याचं" हे पण त्याच दिवशी सांगायचं, नाहीतर घरात नुसती एक हुकूमशहा तयार होते.

हुडकेश्वरची_आई
हुकूमशहा तयार झालीच आहे बाई. काल आजीनं वाटाणे सोलायला बसवलं तर म्हणे माझे हात माझे.

संत्रानगरीचा_बाप
मला दोन मुलंच आहेत म्हणून सांगतो, या धाग्यावर सगळे पोरी पोरी करून राहिले. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७ चा अभ्यास आहे, तेरा राज्यांतली बारा हजारांहून जास्त मुलं. त्यात ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं आणि त्यांच्यात मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच होते. आकडा जुना आहे, पण मुलाच्या बापानं निवांत बसावं असा तर नक्कीच नाही. माझ्या मोठ्याला क्रिकेटच्या कोचिंगला सोडतो तिथं पालकांना आत थांबू देत नव्हते, आम्ही चार बाप मिळून बोललो, आता खुर्च्या टाकून बसतो. पोरगा म्हणतो बाबा तुम्ही इज्जत घालवता. घालवतो म्हटलं.

काळाकोट_बर्डी
वकील आहे. दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवा. मोठ्या बाबांच्या गुदगुल्या हा घरातल्या रीतीभातीचा विषय आहे, तिथं कोणी कायदा दाखवू नका, उगाच पेटेल. पण कायदा माहीत असावा म्हणून लिहितो.

पोक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांना संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा. अठरा वर्षांखालचं मूल, मुलगा असो की मुलगी. आणि यात आपल्या नागपूरचं एक प्रकरण अख्ख्या देशात गाजलं. डिसेंबर २०१६ मध्ये इथल्याच बारा वर्षांच्या मुलीला एकानं पेरू देतो म्हणून घरात नेलं आणि तिच्याशी गैरप्रकार केला. खालच्या कोर्टानं पोक्सोखाली तीन वर्षं दिली. १९ जानेवारी २०२१ ला हायकोर्टाच्या आपल्या नागपूर खंडपीठानं म्हटलं की त्वचेला त्वचा लागली नाही म्हणून पोक्सोमधला लैंगिक हल्ला होत नाही, आणि फक्त दंड विधानाखाली दोषी धरून शिक्षा एक वर्षावर आणली. देशभर ओरड झाली. सुप्रीम कोर्टानं त्याच महिन्यात स्थगिती दिली आणि १८ नोव्हेंबर २०२१ ला तो निकाल रद्द करून तीन वर्षांची शिक्षा परत दिली. मध्ये कपडा होता की नाही याचा संबंध नाही, हेतू पाहायचा, असं स्पष्ट सांगितलं. पण आपले लोक निकालावरच भांडतात, त्याच्या आधीचं विसरतात. त्या मुलीनं आईला लगेच सांगितलं आणि आई तिला घेऊन लगेच पोलीस स्टेशनला गेली. ते झालं नसतं तर पुढे कोर्टही नव्हतं आणि निकालही नव्हता.

आणखी एक, कलम १९ प्रमाणे असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "घरातल्या घरात मिटवू" चालत नाही, न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. मुलांना मात्र ही सक्ती नाही. जबाब घ्यायला पोलीस मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं येतात, वर्दीत नाही, शक्यतो महिला अधिकारी, आणि मुलाच्या विश्वासाचं माणूस सोबत ठेवता येते. लोक ठाण्याच्या नावानंच घाबरतात म्हणून मुद्दाम लिहिलं. मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ नंबर पोरांना पाठ करून द्या, फुकट आहे, रात्रीही लागतो.

आबाजी_प्रतापनगर
वकीलसाहेब, माहितीबद्दल धन्यवाद. निनावी ताईंचं वाचून मी रात्री नीट झोपलो नाही. पण माझा प्रश्न तसाच आहे. मग आजोबानं माया दाखवायची कशी? अर्ज करून? तुमच्या पिढीचं आम्हाला समजतच नाही, पोरं आली की जवळ घ्यावं वाटते, त्यात विचारायचं काय.

शाळाबाई
अर्ज नको आबाजी, नुसतं विचारा. "पप्पी की टाळी?" पोरं काय ते सांगतात. कोणी येऊन गळ्यातच पडेल, कोणी नुसती टाळी देईल, आणि ज्यानं टाळी दिली त्याचं प्रेम कमी नसते. पायलागू तर आहेच आपल्याकडे, त्यात हात लावायचं काम पोराचं, आणि त्यालाही जबरदस्ती नको. फक्त "पप्पी दिली तर पैसे" हे बंद करा हो. उद्या दुसरा कोणी तेच म्हणेल.

तर्रीपोहे
पैशाचं पटलं. हे डोक्यात आलंच नव्हतं.

बजाजनगरची_मावशी
माफीऐवजी तुम्ही सासरी असं सांगून पाहा की मनू आता मोठी झाली, तिला लाज वाटते. भांडण नाही आणि सगळ्यांचा मान राहते. सासरी अर्धी कामं अशीच होतात.

निनावी_मानेवाडा
मावशी, मोठी झाली म्हणून नको, म्हणजे लहान असताना चालत होतं असं होते. आणि तिच्या मागं चार वर्षांचं कोणी असेल त्याचं काय?

बजाजनगरची_मावशी
बरोबर आहे तुझं. पण सासरी इतकं सरळ बोलून चालते का बाई, तुम्ही सगळे एकट्यानं राहता का?

हुडकेश्वरची_आई
मावशी, चार वर्षांचा एक आहेच, जाऊबाईंचा. आणि तुमच्या चालीनं मी चार वर्षं चालवलं ते सासर, त्यामुळे तुमचंही कळते. नवरा माझ्या खांद्यावरून धागा वाचून राहिला. निनावी ताईंच्या पोस्टवर थांबला आणि मग उठून गॅलरीत गेला. बघू.

(महालक्ष्म्या झाल्यावर)

हुडकेश्वरची_आई
अपडेट द्यायला उशीर झाला, महालक्ष्म्यांच्या घरात बाईला मोबाइल दिसते का डोळ्याला.

आदल्या दिवशी नवऱ्यानं स्वतःच मोठ्या बाबांना फोन लावला. म्हणाला मनू माफी नाही मागणार, पण ती तुमच्यावर रागावली पण नाही, तिला गुदगुल्या नको आहेत एवढंच. तिकडून "बरं" आलं आणि फोन ठेवला. म्हणजे राग होताच.

सकाळी स्वयंपाकघरात आंबील, सोळा भाज्या, फुलोरा, सगळं एकदम चालू. मी पुरण वाटायला सासूबाईंच्या बाजूला बसली होती. बराच वेळ काही नाही, आणि मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी आली तवा चौदाची होती. मले कोणी इचारलं काय काही?" मी काय बोलणार. त्यांनीच पुढे म्हटलं, डाळ राहिली तिकडं, आण.

मनूनं मोठ्या बाबांना वाकून नमस्कार केला, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, बोलले नाही. जेवणं झाल्यावर मात्र जाऊबाईंचा चार वर्षांचा चिरंजीव त्यांच्या तावडीत सापडला. गुदगुल्या सुरू, तो किंचाळून राहिला, हसून राहिला, काही समजेना. मनू पान खाणाऱ्या सगळ्या माणसांच्या मधून गेली आणि म्हणाली, "मोठे बाबा, त्याला आधी विचारा न." यावेळी ओरडली नाही, शाळेत हजेरी देते तशा आवाजात. मोठे बाबा म्हणाले, विचारून गुदगुल्या करतेत काय बे कोणी? एकदोघं हसले. मग काय वाटलं त्यांना कोण जाणे, पोराला म्हणाले, काय रे, करू काय? आणि हा पठ्ठ्या म्हणतो, "हो! खूप!"

केल्या मग त्यांनी. मनूचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. घरी येताना गाडीत विचारत होती, मग मी उगाच बोलली का? बाप म्हणाला, उगाच कसं, त्याला कोणीतरी विचारलं न आज पहिल्यांदा. त्यानं हो म्हटलं तो त्याचा प्रश्न. तिला हे काही फारसं पटलेलं दिसलं नाही. म्हणाली त्यानं विचार न करता हो म्हटलं, तो कशालाही हो म्हणतो, त्याला विचारलं शेंबूड खातो का तरी हो म्हणेल.

शाळाबाई
पोरगी हुशार आहे. चार वर्षांच्या पोराच्या "हो"चं असंच असते. म्हणून मध्येमध्ये परत विचारायचं आणि "बस"ला थांबायचं, हे मोठ्यांनी सांभाळायचं. त्याचं ओझं मनूवर नका येऊ देऊ, ती धाकट्याची चौकीदार नाही. तिच्याकडून फक्त एवढं घ्या, अडचण आली तर कोणाकोणाला सांगणार, अशा चारपाच मोठ्या माणसांची नावं तिनंच ठरवायची. तुम्हाला त्यात कोण आहे ते पाहून आश्चर्य वाटेल कदाचित.

हुडकेश्वरची_आई
केलं हे आत्ताच. आई, बाबा, वर्गाच्या बाई, वरच्या मजल्यावरची ताई, आणि पाचवं नाव आजी. सासूबाईच. माझ्या आईचं नाव नाही, हे मी तिकडं सांगणार नाहीये.

शाळेच्या पालकसभेत मी विचारणार आहे की हा कार्यक्रम आजीआजोबांसाठी ठेवता येईल का. पोरांना शिकवता आणि घरी ऐकणाऱ्याला माहीतच नाही, मग सगळं पोरांच्याच अंगावर येते.

आबाजी_प्रतापनगर
ओरडण्याबद्दलचं माझं मत अजून तेच आहे, उगाच खोटं कशाला लिहू. पण कार्यक्रम ठेवा, मी येतो, आमच्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपमधले चारसहा जण पण घेऊन येतो. फक्त खुर्च्या ठेवा म्हणावं. मागं नातवाच्या शाळेत सतरंजीवर बसवलं होतं, उठताना दोघांनी धरून उठवलं, आणि विचारलं पण नाही कोणी धरू का म्हणून.